रिकाम्या नावापुढची हिरवी खूण

“आणि नाव रिकामं राहिलं तर?” बिरनाळे सर म्हणाले.

माझी खुर्ची टेबलापासून बरीच मागे होती, कारण मध्ये पोट येत होतं. सोमवारपासून बाळंतपणाची सुट्टी लागणार होती. सर माझ्यामागे उभे राहून पडद्याकडे बघत होते. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस आमच्या छोट्याशा कंपनीत आमचे प्रोग्रॅम तपासायला यायचा. आम्ही कुठे चुकलो ते शोधायचं, हेच त्यांचं काम. ते त्यांना मनापासून आवडायचं आणि आम्हाला कुणालाच आवडायचं नाही.

“कुठलं नाव, सर?”

“फाइलचं. लॅबनं एखाद्या बाळाचा रिपोर्ट पाठवलाच नाही, तर त्या बाळापुढं फाइलचं नाव येणार कुठनं? जागा रिकामी राहणार. मग तुझा प्रोग्रॅम काय सांगणार?”

“नाही म्हणून सांगणार.”

“करून बघितलंस?”

“बघितलंय. हे घ्या.” मी त्यांच्यासमोर रिकामा पत्ता दिला, आत एक अक्षरही नाही, आणि मशीनला विचारलं की अशी फाइल आहे का. मशीननं सरळ ‘नाही’ म्हणून सांगितलं.

सर पुढे वाकले. “हे तू नुसतं रिकामं विचारलंस. तुझा प्रोग्रॅम असं विचारत नाही. तो आधी फोल्डरचा पत्ता घेतो, त्याला फाइलचं नाव जोडतो, मग विचारतो. तसं विचार की.”

“तेच ते, सर.”

“तेच असेल तर विचारायला काय जातंय?”

“सर, पाठ मोडायला आलीय माझी. आल्यावर बघते.”

ते हसले. “जा बाई घरी. बाळाला सांभाळ.”

प्रोग्रॅम होता सांगलीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलसाठी. तिथं जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर घेत आणि पुण्याच्या लॅबला पाठवत. रिपोर्टची फाइल आली की बाळाच्या नावापुढं हिरवी खूण. नाही आली तर लाल. लाल दिसलं की सिस्टरनी आईला फोन करून बाळाला परत बोलवायचं. रिपोर्टात काही वाईट निघालं तर लॅब स्वतः डॉक्टरांना कळवायची. म्हणजे हिरवं असलं आणि कुणाचा फोन आला नाही, की बाळ ठीक. वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर तसंच धरून चालायच्या. मीही.

माझं माहेर सांगलीतच, त्यामुळे पहिलं बाळंतपण त्याच हॉस्पिटलात झालं. शेजारच्या खाटेवर महादेवी होती. जेमतेम विशीची, जतच्या पुढच्या गुड्डेवाडीहून माहेरच्यांनी बाळंतपणाला आणलेली. तिची आई सत्यव्वा खाटेखाली चटई टाकून बसायची आणि वॉर्डात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांची चौकशी करायची.

“तुमची लेक म्हंजे पोलीस पाटीलच की वो,” ती मला म्हणाली. “जल्मल्यापास्नं गाव गोळा करायलीया.”

मिहिका खरंच रडायची. मी तिचा श्वास बघायची, पोट बघायची, नखांचा रंग बघायची, आणि प्रत्येक सिस्टरला तेच तेच विचारायची. ग्रेसी सिस्टर मला ‘सी.आय.डी.’ म्हणायच्या. महादेवीचा मुलगा मात्र झोपलेला. दूध पाजायला उठवावं लागे, आणि दोन घोट घेऊन तो पुन्हा झोपी जाई.

“किती गुणी आहे गं तुझा,” मी म्हणाले.

“आजीवर गेलाय,” सत्यव्वा खालून म्हणाली.

“आजी कधी गप असती?” महादेवी म्हणाली, आणि आम्ही तिघी हसलो. टाके दुखले.

टाचेचं रक्त घ्यायला ग्रेसी सिस्टर आल्या. मिहिकानं असा टाहो फोडला की समोरच्या खाटेवरची बाई दचकून उठली. महादेवीच्या मुलानं फक्त एक आवाज काढला, घोगरा, गंजलेल्या बिजागरीचं दार कुरकुरावं तसा. रक्त येईना. सिस्टरनी त्याचा पाय तळहातात धरून चोळला.

“गार आहे गं ह्याचा पाय. पायमोजे घाल की ह्याला.”

“घालतोय की, सिस्टर. तरी गारच ऱ्हातोय.”

सिस्टरनी दाबून दाबून कागदावरची वर्तुळं भरायचा प्रयत्न केला. शेवटची दोन अर्धीच राहिली. त्यांनी कागद उजेडात धरून बघितला. “पाठवून तर देऊ. चाललं नाही तर ते सांगतीलच. मग फोन करू तुम्हाला.”

मी हे ऐकलं. कागद बघितला. मनात म्हटलं, अशा वेळी लाल खूण येईल. आपण केलेली वस्तू कुणाच्या तरी उपयोगी पडणार, असं वाटून मला बरंसुद्धा वाटलं.

घरी जाताना महादेवीनं माझा नंबर घेतला. तिच्याजवळ फोन नव्हता, भावाच्या फोनमध्ये लिहून घेतला. “अक्का, तुमी कंपूटरवाल्या. कायतरी लागलं तर इचारते,” ती म्हणाली.

तीन-एक आठवड्यांनी तिचा फोन आला तेव्हा मी मिहिकाला खांद्यावर घेऊन ढेकर काढत होते.

“अक्का, महादेवी बोलतोय. वळखलं का?”

“ओळखलं गं. बाळ कसंय?”

“हाय. झोपतंय लई. प्यायला उटीवलं तरी डोळं उगडत न्हाई. आनि आजून पिवळंच दिसतंय वो डोळ्यात. आई म्हंती अस्तंय. तुमचं बी हाय का तसं?”

“आमचं कसलं झोपतंय. तू कुणाला दाखवलंस?”

“सव्वा म्हैना हुईपत्तोर भाईर न्हाई न्यायचं म्हंत्यात. म्हटलं, त्या टाचेच्या रगताचं काय झालं ते तुमाला बगाय येतंय का?”

मला बघता येत होतं. मी मिहिकाला आईकडे दिलं, लॅपटॉप उघडला, हॉस्पिटलच्या यादीत गेले. ‘महादेवी यांचे बाळ’. पुढं हिरवी खूण. रिपोर्ट उघडून वाचायची परवानगी आम्हा कंपनीवाल्यांना नव्हती, पण त्याची गरजही वाटली नाही. हिरवं होतं. डॉक्टरांचा फोन गेलेला नव्हता.

“आलाय गं रिपोर्ट. हिरवं आहे.”

“म्हंजे?”

“म्हणजे सगळं ठीक आहे. झोपू दे त्याला. नशीबवान आहेस.”

ती हसली, मोकळं हसली. “लई जीव टांगणीला लागलावता बगा. आता सव्वा म्हैना झाला की आमची मानसं न्यायला येनारेत. तितनं यायला जमंल न जमंल. बारशाला या म्हटलं असतं, पर लांब हाय तुमास्नी.”

फोन ठेवून मी आईला म्हणाले, “बघ, काहींची बाळं कशी असतात.”

मिहिका चौथ्या महिन्यात असताना मी कामावर परत गेले. आई तिला घेऊन रिक्षानं ऑफिसच्या खाली यायची, मी जिन्याखालच्या खोलीत बसून तिला पाजायची. तशीच एकदा पाजून वर आले, तर हॉस्पिटलमधून ग्रेसी सिस्टरांचा फोन.

“वृषाली, तुमचं ते हिरवं बिघडलंय का गं? एक आई रिपोर्टचा कागद मागायला आलीय. खूण हिरवी आहे, पण दाबलं की तिचा रिपोर्ट उघडत नाही. सगळ्यांच्याच फायली समोर येतात.”

“सगळ्यांच्या म्हणजे?”

“अख्खं कपाट उघडल्यासारखं. एकाच बाळाचं मागितलं की.”

मी उभीच होते. खाली बसले. बिरनाळे सर पलीकडच्या टेबलावर डबा उघडत होते. मी त्यांनी सांगितलं होतं तसं विचारलं. आधी फोल्डरचा पत्ता, त्याला जोडून रिकामं नाव. मग मशीनला म्हटलं, आहे का.

मशीननं ‘आहे’ म्हणून सांगितलं.

फोल्डर होतंच. फोल्डरच्या पत्त्याला रिकामं नाव जोडलं की उरतो तो नुसता फोल्डरचा पत्ता. पाकिटावर माणसाचं नाव न घालता फक्त गल्ली लिहायची आणि विचारायचं, सापडली का? गल्ली सापडणारच. ज्या बाळांचा रिपोर्ट आलाच नव्हता, त्या प्रत्येकापुढं माझा प्रोग्रॅम आनंदानं हिरवी खूण करत होता.

सर माझ्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी पडदा वाचला. डब्याचं झाकण लावलं, शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाले, “नावं काढ. फोन मी लावतो.”

दुरुस्ती एका ओळीची होती. जोडण्याआधी नाव रिकामं नाही ना, एवढं बघायचं. ती ओळ घातली आणि यादीतली काही नावं डोळ्यांदेखत लाल झाली. त्यात ‘महादेवी यांचे बाळ’ होतं.

बाकीच्यांना सरांनी आणि सिस्टरनी बोलावून घेतलं. कुणी वैतागलं, कुणी भांडलं, पण आले. पुन्हा रक्त घेतलं, सगळी ठीक निघाली. महादेवीच्या नावापुढं तिच्या भावाचा नंबर होता. त्यानं फोन घेतला. “ती सासरी गेलीया,” म्हणाला आणि ठेवला. मग उचलेनाच.

मी डॉक्टर कोठावळे मॅडमकडे गेले. हॉस्पिटलच्या बालरोगतज्ज्ञ त्या. मी त्यांना आठवत होतं तेवढं सगळं सांगितलं. झोप, गार पाय, पिवळे डोळे, घोगरा आवाज. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं की मी काय सांगतेय.

“थायरॉइड नसेल त्याला, किंवा अगदी कमी असेल,” मॅडम म्हणाल्या. “मी बघितल्याशिवाय म्हणणार नाही. पण असेल तर औषध म्हणजे रोज एक बारकी गोळी, बस्स. पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाली तर मूल चारचौघांसारखं वाढतं. उशीर झाला की मेंदूचं जे राहतं ते राहतं.”

“आता चौथा महिना आहे मॅडम.”

त्यांनी चष्मा काढला. “मग जेवढं वाचेल तेवढं. आण त्याला.”

हॉस्पिटलच्या ऑफिसनं सांगितलं की घरी वगैरे जाऊ नका, उगाच वाढेल प्रकरण, आम्ही पत्र पाठवतो. मी मिहिकाला घेऊन जतच्या एस.टी.त बसले.

गुड्डेवाडीत सत्यव्वानं मला लगेच ओळखलं. “पोलीस पाटील आले की वो,” म्हणून तिनं मिहिकाला माझ्याकडून ओढूनच घेतलं. पत्र्याचं घर, पुढं कडुनिंब, खाली दोन शेळ्या. मिहिका तिच्या मांडीवर ताठ बसायला बघत होती. तिनं सत्यव्वाच्या हिरव्या बांगड्या मुठीत धरल्या, वाजवल्या, आणि वाजल्या म्हणून सत्यव्वाकडे बघून खदखदून हसली.

सत्यव्वा हसायची थांबली.

“ही बगतीया की,” ती म्हणाली.

“हो.”

“हाक मारली की वळतीया.”

“हो. महादेवीचा वळायचा का, इथं होता तोवर?”

तिनं मिहिकाचा हात बांगड्यांमधून हळूच सोडवला. “परत्येकाचं येगळं अस्तंय,” म्हणाली.

मी तिला सांगितलं. मशीन चुकलं म्हणून सांगितलं, मी चुकले म्हणूनही सांगितलं. रक्त पुरलं नव्हतं, रिपोर्ट आलाच नव्हता, एकदा डॉक्टरांनी बघायला हवं. ती जमिनीकडे बघत ऐकत होती. भिंतीवर बारशाचा फोटो लावलेला होता. टोपरं घातलेलं बाळ, सुजल्यासारखे गाल, पापण्या जड, जिभेचं टोक ओठांबाहेर. मी मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढला. ती बघत राहिली.

“सत्यव्वा, महादेवीचा पत्ता द्या. नाहीतर जावयांचा नंबर.”

“न्हाई.”

“का?”

“तुमी शिकल्याली मानसं, तुमाला न्हाई कळायचं.” तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. “लेकीच्या थोरल्या जावंला पोर झालं ते येडं निगालं. चालंना, बोलंना. त्या बाईला पोरासंगट म्हायेराला आनून घातली, ती आजून तितंच हाय. दुसरी करून आनली. आता हिच्या पोरात खोट हाय म्हून मी सांगू व्हय तेंला? माज्या तोंडानं?”

“गोळी दिली तर खोट राहणार नाही, निदान कमी होईल.”

“आनि न्हाईच काय निगालं तर? नाव तर झालंच की.”

मी बोलतच राहिले, ती मान हलवतच राहिली. निघताना तिनं मिहिकाच्या कपाळाला काजळाचा ठिपका लावला आणि माझ्या पिशवीत शेंगा भरल्या. “मी इचारते लेकीला. माज्या पद्धतीनं,” म्हणाली.

एस.टी. स्टँडवर रेंज आली तसा फोटो मॅडमना पाठवला. त्यांचा फोन आला. “हा फोटो कधीचा?”

“बारशाचा. दोन-अडीच महिने झाले असतील.”

त्या मग म्हणाल्या, “मी हॉस्पिटलातच आहे. ज्या वेळेला मिळेल त्या वेळेला घेऊन ये.”

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. ह्या वेळी नवरा, अजित, गाडी घेऊन आला. मिहिकाला आईजवळ ठेवलं होतं, कारण ती दिसली तर सत्यव्वा पुन्हा गप्प होईल असं वाटलं.

“बोलले मी,” सत्यव्वानं दारातच सांगितलं. “मजेत हाय पोरगं. सगळं ठीक हाय म्हनती.”

“तिला कुणी सांगितलं ठीक म्हणून? कुठल्या डॉक्टरनं?”

“तुमीच की.” ती माझ्याकडे सरळ बघत होती. रागानं नाही. “हिरवं हाय, सगळं ठीक हाय, म्हून तुमीच फोनवर सांगितलंय न्हवं? ती त्येच धरून बसलीया. म्या जरा काय बोलाय गेले की म्हनती, आई, कंपूटरात हाय ते, अक्कांनी बगितलंय.”

अजित बाहेर शेळ्यांजवळ जाऊन उभा राहिला.

मी सत्यव्वासमोर खाली बसले. काय काय म्हणाले ते आता सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, “तुम्ही मागच्या वेळी बघितलंत ना, बांगड्या वाजवल्या तेव्हा? तुम्हाला तेव्हाच कळलंय.” तिच्या तोंडावर हे बोलायला नको होतं. ती रडायला लागली, आवाज न करता, आणि रडता रडताच फळीवरचा फोन काढून माझ्या हातात दिला. “मल्लेश जावई म्हून हाय त्येच्यात. लावा. मी बोलते.”

मी लावला आणि आवाज मोठा केला. मल्लेश कॅनॉलच्या कामावर खोदाईचं पोकलेन चालवायचा. काम सरकेल तशी त्यांची बिऱ्हाडं सरकायची. फोनमागं मशीनची घरघर येत होती.

“जावईबापू, पोराला जरा सांगलीला दवाखान्यात न्यायचं हुतं. डॉक्टरीन बाई बोलवायल्यात.”

“कशाला?”

“कायतरी रगताचं. एक बारकी गोळी देत्यात म्हनं रोज.”

“कशाची गोळी?”

सत्यव्वानं माझ्याकडे बघितलं. मी पुढं होऊन बोलले. मी हॉस्पिटलकडून बोलतेय, घाबरायचं कारण नाही, एक तपासणी राहिलीय, वाढीसाठी लागते. मी जपून बोलत होते. पण तो बाप होता आणि त्यानं हे त्याच्या घरात एकदा ऐकलेलं होतं.

“म्हंजे पोरगं येडं हुनार म्हंता?”

“तसं नाही. वेळेवर औषध दिलं तर—”

“थोरल्या भावजंच्या टायमाला बी असंच सुरू झालतं. तपासनी, मग दुसरी तपासनी.” मग सत्यव्वाला उद्देशून, “तुमाला ठाव हुतं व्हय वो? म्हून गप बाळंतपन उरकून धाडली हिला हिकडं?”

“न्हाई वो जावईबापू, देवाशपत.”

मागून महादेवीचा आवाज आला, लांबून. “कोन हाय? आई हाय का?” आणि तिच्या कडेवर असणार तो, कारण आवाजाबरोबरच ते ऐकू आलं, दार कुरकुरल्यासारखं. एकदाच. चार महिन्यांत त्या आवाजात काही बदल नव्हता.

फोन बंद झाला. आम्ही परत लावला. परत लावला. संध्याकाळी घरी येऊन लावला, तेव्हा नंबर बंद असल्याचं सांगणारी बाई कानडीतून बोलत होती.

सांगितलं की बिघडणार, ही सत्यव्वाची भीती खरी ठरली.

अजित आणि मी त्या कॅनॉलवर गेलो. राज्याच्या सीमेपलीकडे अथणीच्या बाजूला, सत्यव्वानं सांगितलं होतं तिथं. ताडपत्र्या ठोकल्याच्या खुणा होत्या, तीन दगडांच्या चुली होत्या, राख पार गार. सिमेंटच्या गोदामावर राखणीला बसलेला एकजण म्हणाला, “ही टोळी उठली की. कुटं गेली काय म्हाईत. विजापूरकडं म्हनत हुते, कुनी सोलापूर म्हनत हुते.” आम्ही ठेकेदाराचा माणूस गाठला. तो म्हणाला, मल्लेश भांडून बायकापोरासकट काम सोडून गेला, हिशेबाला पण आला नाही. मल्लेशच्या गावी गेलो तर थोरल्या भावानं दारातूनच वाटेला लावलं. आत ओसरीवर एक बाई धान्य पाखडत होती. दुसरी करून आणलेली असावी. तिनं मान वर केली नाही.

बिरनाळे सर जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात जाऊन आले, दोन्ही राज्यांच्या. त्यांनी कधीच मला म्हटलं नाही की मी सांगितलं होतं. एकदाच, कंपनी सोडून जाताना, म्हणाले, “तुला तेव्हा जरा बळंच थांबवायला पाहिजे होतं गं. तुझी पाठ दुखत होती म्हणून सोडलं.”

सत्यव्वा फोन करते; महादेवीचा फोन तिलाही नंतर कधी आला नाही. सुरुवातीला दर आठवड्याला करायची, आता सणासुदीला. आधी मिहिका कशी आहे ते विचारते, शाळेत जाते का, बोलते का अजून पाटलासारखी. मग विचारते, “काय लागलं का वो तुमच्या कंपूटरात?” मी नाही म्हणते. “न्हाईच लागायचं,” ती म्हणते, आणि तरी पुढच्या सणाला पुन्हा विचारते.

मिहिका आता दुसरीत आहे. तो तिच्याच वयाचा. मी मॅडमना मध्ये विचारलं होतं, आता सापडला तर काही उपयोग आहे का. त्या म्हणाल्या, गेलेलं येणार नाही, ते मनातून काढून टाक. पण उंची वाढेल थोडी, अंगात ऊब राहील, जेवेल, चालेल. गोळी तीच. अजूनही तीच, बारकी, पांढरी.

तुमच्याकडे कुठे रस्त्याचं, कॅनॉलचं, पुलाचं काम निघालं असेल आणि कडेला ताडपत्रीची बिऱ्हाडं पडली असतील, तर जाता-येता एकदा थांबा. पोकलेनवाल्याचं बिऱ्हाड कुठलं ते विचारा. बाई अजून तिशीच्या आतली असेल, कानडी वळणाचं मराठी बोलेल. तिच्याजवळ बसलेला मुलगा तिसऱ्या-चौथ्या वर्षातला वाटेल, त्यावर जाऊ नका. त्याचा पाय हातात धरून बघा, गार आहे का. तो आवाज काढतो का ऐका. ती म्हणेल की सगळं ठीक आहे, त्याचं रक्त तपासलेलं आहे, एका अक्कांनी स्वतः बघून सांगितलंय. तिला सांगा की त्या अक्कांनी बघितलं नव्हतं. आणि त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा, तिच्याबरोबर तुम्ही स्वतः जा, आणि रिपोर्टचा कागद तुमच्या हातात येईपर्यंत तिथून हलू नका.